कामावरची माणसं: अलीकडं बघितलेले काही पिक्चर आणि डॉक्युमेंटरी

पिक्चर बघताना माझी नजर आधी माणसाच्या हातांवर जाते. सुतार दाखवला असेल तर रंधा कसा धरलाय, बाई भाकरी थापत असेल तर भाकरी परातीत फिरतेय का नुसतीच थोपटली जातेय, मिस्त्री असेल तर पाना कुठल्या बाजूनं लावलाय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभं राहून माझी हयात चालली आहे, त्यामुळं ही सवय जडली असणार. हातातलं काम खोटं दिसलं की मला त्या माणसाचं सुखदुःखही खोटं वाटायला लागतं. मध्यंतरी एका पिक्चरमध्ये हिरोचा बाप वेल्डर होता. डोळ्यावर काच नाही, हातात होल्डर नाही, ग्राइंडरच्या ठिणग्या उडवून तेच वेल्डिंग म्हणून दाखवलं. पुढं बाप आजारी पडतो, पोरगं रडतं, थिएटरात माणसं डोळे पुसत होती. माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

उलट ज्या पिक्चरमध्ये काम खरं दाखवलंय, तो भले संथ असो, परक्या भाषेतला असो, मी शेवटपर्यंत बघतो. अलीकडं असे बरेच बघण्यात आले. काही थिएटरात, बरेचसे रात्री जेवणं झाल्यावर मुलीच्या लॅपटॉपवर. सगळे नवे नाहीत. पण आमच्या भागात चहाच्या गाड्यावर यांचं नाव कुणी काढत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांत वर मी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ ठेवीन. शौनक सेन यांची २०२२ सालची डॉक्युमेंटरी. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस, फ्रान्सच्या कान महोत्सवात डॉक्युमेंटरीचा गोल्डन आय पुरस्कार, ऑस्करचं नामांकन, एवढं सगळं झालेलं आहे. दिल्लीतल्या वजिराबाद भागात नदीम आणि सौद हे दोन भाऊ राहतात. घराच्या तळघरात त्यांचा हात धुवायच्या साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा छोटा कारखाना आहे, आणि त्याच तळघरात जखमी घारींचा दवाखाना. सालिक नावाचा एक पोरगा हाताखाली. वीस वर्षांत वीस हजारांवर पक्षी या माणसांनी हाताळलेत.

मला पहिल्यांदा काय भिडलं असेल तर ते तळघर. एका बाजूला डिस्पेन्सरचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूला खोक्यात बसवलेली घार, मध्ये माणूस खाली मान घालून काम करतोय. ऑर्डर पुरी करायची आहे, पैसे यायचे आहेत, आणि पलीकडं खोक्यात खुडबुड चाललीय. ज्यानं दहा बाय पंधराच्या गाळ्यात धंदा केलाय त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. सेन यांनी त्या खोलीत भावांना बोलायला बसवलेलं नाही. ते कामात असतात आणि काम करता करता बोलतात. आमच्याकडंही महत्त्वाचं बोलणं असंच होतं. मशीन चालू असतं, एकमेकांच्या तोंडाकडं कुणी बघत नाही आणि मग बहिणीच्या लग्नाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं निघतं.

घारीचा मोडका पंख ते दोघं ज्या तऱ्हेनं धरतात ते नीट बघा. घट्टही नाही, सैलही नाही. ही विद्या त्यांना कुठनं आली? पोरवयात दोघांना बॉडीबिल्डिंगचा नाद होता, त्यातनं स्नायू कुठला, शिर कुठली, कशानं काय हलतं हे कळायला लागलं. कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या पेठांतल्या तालमींत खांदा निसटलेला पैलवान वस्तादापुढं येऊन बसतो आणि वस्ताद बोटांनी चाचपून सांगतो, हाड जाग्यावर आहे, शिर चढलीय. दिल्लीच्या त्या दोन भावांना आपल्या मातीत आणून सोडलं तर ते कुठल्याही तालमीत रुळतील.

पहिली जखमी घार त्यांना सापडली तेव्हा पक्ष्यांच्या दवाखान्यानं तिला घेतली नाही, कारण घार मांस खाते. तिथनं यांचं काम सुरू झालं. घारीला मांस घातलं की पुण्य लागतं, सवाब मिळतो, आपली संकटं ती खाऊन टाकते, असं लहानपणी कानावर पडलेलं. दिल्लीच्या कचऱ्याच्या डोंगरावर हजारो घारी उतरतात, शहराची घाण त्या साफ करतात, आणि माणसाच्या पतंगाचा मांजा त्यांचेच पंख कापतो. नायलॉनच्या मांज्यानं माणसाचा गळा कापल्याच्या बातम्या आपल्याकडंही संक्रांतीच्या सुमाराला येतात. पाखरांची बातमी होत नाही. ही डॉक्युमेंटरी बघितल्यापासनं कसबा बावड्याच्या रस्त्यानं जाताना कचरा डेपोच्या वर घिरट्या घालणाऱ्या घारींकडं माझं लक्ष जातं. पूर्वी मी वर बघतच नव्हतो.

भावाभावांचं नातं त्यात फार बारीक आलंय. नदीमला वाटतं आपण आणखी शिकलं पाहिजे, बाहेर गेलं पाहिजे, हे तळघर आता पुरत नाही. सौद शांत आहे, तो समोरची घार बघतो. कुणीही वाईट नाही. उद्यमनगरात भावाभावांची कितीतरी वर्कशॉप आहेत आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी हाच पेच आहे. एकाला नवं मशीन घ्यायचंय, परगावच्या ऑर्डरी धरायच्यात, दुसरा म्हणतो आहे ते नीट करू. पिक्चरवाले हा पेच दाखवायला भांडण लावतात, वाटणी करतात, आई मध्ये पडते. इथं असलं काही नाही. एक जण बोलता बोलता गप्प होतो, बस. तेवढ्यानं कळतं.

बाहेर त्या वेळी नागरिकत्व कायद्याचं आंदोलन चालू आहे, पुढं २०२० ची दंगल होते. घर मुसलमानांचं आहे, त्यामुळं काळजी घरातच आहे. पण डायरेक्टर कॅमेरा घेऊन तिकडं पळत नाही. घारी येतच राहतात, खोकी भरत राहतात, आणि काळजी त्या कामातनं झिरपत राहते. मला हे जास्त खरं वाटलं. गावात काहीही होवो, सकाळी शटर उघडावंच लागतं.

एक गोष्ट खटकली तीही सांगतो. कॅमेरा काही ठिकाणी इतका देखणा फिरतो की तळघराचा कोंदटपणा जाणवत नाही. सुरुवातीला रात्रीचे उंदीर बराच वेळ दाखवलेत. ते कशासाठी आहेत ते पुढं समजतं, पण बऱ्याच जणांचा हात तिथंच बंद करायच्या बटणावर जाईल. थांबा. दीड तासाचा ऐवज आहे आणि भाषा हिंदी-उर्दू, त्यामुळं सबटायटल वाचत बसावं लागत नाही. माझ्या आईनं सगळी बघितली आणि मध्येच म्हणाली, “त्या पोराचा चष्मा घारीनं नेला की रं!” तो प्रसंग खरंच तसा आहे.

त्याच ऑस्करला, म्हणजे २०२३ साली, आपल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला लघु डॉक्युमेंटरीचं बक्षीस मिळालं. कार्तिकी गोन्साल्विस यांनी केलेली, पाऊण तासाच्या आतली, नेटफ्लिक्सवर आहे. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात तेप्पकाडूचा हत्तींचा कॅम्प आहे. तिथं बोम्मन आणि बेल्ली हे दोघं रघू नावाचं अनाथ पिल्लू सांभाळतात. त्याला अंघोळ घालायची, भरवायचं, हट्ट करून तो घास बाहेर काढतो तेव्हा दटावायचं. सांभाळता सांभाळता दोघांचं लग्न होतं. घरातल्या सगळ्यांनी बसून बघण्यासारखी आहे, त्यात वादच नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रघू मोठा झाल्यावर त्याला यांच्याकडनं काढून दुसऱ्या माहुतांकडं देतात. हा सगळ्यांत अवघड भाग, आणि तो चटकन उरकलाय. का नेलं, कुणी ठरवलं, बोम्मनला आधी विचारलं का, हे मला ऐकायचं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे प्रश्न पडणारच. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातली महादेवी, जिला आपण सगळे माधुरी म्हणतो, न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात गेली. तिला निरोप देताना गाव रस्त्यावर उतरलं होतं. नंतर नांदणीपासनं कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं पायी चालत आली. त्या गर्दीत माझे ओळखीचे होते. हत्तीणीच्या पायाचं दुखणं, साखळी, एकटेपणा हा प्रश्न खरा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिला केळं-नारळ भरवणाऱ्या माणसांचं रडणंही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर ठेवायला धीर लागतो. ‘एलिफंट व्हिस्परर्स’मध्ये प्रेम भरपूर आहे, हा धीर थोडा कमी पडला. नांदणीची गोष्ट उद्या कुणी करणार असेल तर त्यानं माहुताच्या हातापासनं सुरुवात करावी. त्या सगळ्या गदारोळात माहुताला कुणी काही विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

‘परफेक्ट डेज’ हा डॉक्युमेंटरी नाही, पिक्चर आहे, पण बघताना विसरायला होतं. जर्मन डायरेक्टर विम वेंडर्स, पिक्चर जपानी, साल २०२३. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा नावाचा माणूस. कोजी याकुशो यांना या कामासाठी कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. रस्ता झाडणाऱ्या बाईच्या खराट्याच्या आवाजानं तो उठतो, झाडांना पाणी फवारतो, निळा डगला चढवतो, मशीनमधनं कॉफीचा डबा घेतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो आणि कामाला जातो. दोन तास हेच. मला एक क्षणही कंटाळा आला नाही.

त्याच्याकडं एक छोटा आरसा आहे. भांड्याच्या काठाखाली, जिथं कुणाचीही नजर जाणार नाही, तिथं घाण राहिली का हे तो आरसा धरून बघतो. मी लॅपटॉप थांबवून मुलीला म्हणालो, हे बघ. पार्टच्या भोकातल्या खाचेत बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक धार, राहिलीय का बघायला आम्हीही आरसा आणि बॅटरी वापरतो. गिऱ्हाईक तिथं बघत नाही, इन्स्पेक्शनवालाही रोज बघत नाही. पण तो पार्ट कुठल्यातरी इंजिनात बसणार असतो. हिरायामाच्या हाताखालचा पोरगा त्याला म्हणतो, कशाला एवढं घासता, परत घाण होणारच आहे. यावर हिरायामा काही उत्तर देत नाही. घासत राहतो. उत्तर लिहिलं असतं तर तो संवाद टाळ्यांचा झाला असता आणि पिक्चर तिथंच बिघडला असता.

पण एक बोलायलाच पाहिजे. टोकियोतले ते संडास नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेले आहेत. एकाच्या काचा पारदर्शक, आत जाऊन कडी लावली की धुरकट होतात. आणि पिक्चरमध्ये ते कधी फारसे घाण दिसतच नाहीत. आमच्या गल्लीत महापालिकेचे सफाई कामगार येतात, ड्रेनेज तुंबलं की काय उपसावं लागतं ते आम्ही रोज बघतो. त्या कामाचा वास, हाताला झालेल्या जखमा, हे वेंडर्स यांनी गाळलंय. माणसाची शांती दाखवायला त्यांनी घाण बाजूला ठेवली. याकुशोंचं काम एवढं खरं आहे की खरी घाण असती तरी ती शांती टिकली असती, असं मला वाटतं. तरी बघाच. शेवटी गाडी चालवतानाचा त्याचा चेहरा बराच वेळ दिसतो, हसू आणि रडू एकावर एक येत राहतं. तो एक शॉट कुठल्याही अभिनयाच्या शाळेत दाखवावा.

‘हनीलँड’ ही डॉक्युमेंटरी मुलीनं लावून दिली. उत्तर मॅसेडोनियात डोंगरात हतिद्जे नावाची बाई अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर एकटी राहते आणि मध काढते. तिचा नियम आहे, अर्धं माझं, अर्धं तुमचं, आणि हे ती माश्यांना मोठ्यानं सांगते. शेजारी एक कुटुंब येतं, पोरं भरपूर, जनावरं, खाणारी तोंडं. तो माणूसही मध काढायला लागतो, व्यापारी घाई करतो, आणि हा सगळाच मध काढून विकतो. मग उपाशी माश्या हतिद्जेच्या माश्यांवर तुटून पडतात. मला त्या शेजाऱ्याचा राग आला नाही. सात पोरांचा बाप आहे, दारात व्यापारी उभा आहे. हे बनवणाऱ्यांनी तीन वर्षं तिथं शूटिंग केलं, चारशे तासांचं चित्रीकरण जमलं आणि त्यातला दीड तास ठेवला. कास्टिंगवरनं एवढा माल उतरवायचा आणि माप कुठं चुकू द्यायचं नाही, तसलं काम आहे ते. संवाद तुर्की भाषेत असल्यामुळं सबटायटल वाचावी लागतात आणि ती इंग्रजीत. इथं माझ्या घरातली मंडळी उठून गेली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण एवढ्या वेगानं नाही. मराठीत सबटायटल असती तर ज्या बाईनं आयुष्यभर म्हशी सांभाळल्या तिला हतिद्जे माझ्याहून जास्त कळली असती. ओटीटीवाल्यांनी मराठीतनं जाहिराती करायला कमी केलेलं नाही, मग सबटायटललाच काय अडतं?

‘स्थळ’ मात्र आम्ही नवरा-बायकोनं थिएटरात बघितला. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, २०२३ ला टोरांटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमाचं नेटपॅक बक्षीस मिळालेला आणि मार्च २०२५ मध्ये इकडं लागलेला. शो अशा अडनिड्या वेळेला ठेवला होता की नोकरीवाला माणूस येऊच शकणार नाही. मोजकी माणसं होती. चंद्रपूर जिल्ह्यातलं खेडं, सविता नावाची मुलगी, तिला शिकून स्पर्धा परीक्षा द्यायची आहे आणि घरात एकामागनं एक स्थळं येतायत. नंदिनी चिकटेनं सविता केलीय. गावातलीच माणसं घेतलेली आहेत, त्यामुळं कापूस वेचायची बोटं खरी, टॉवेल खांद्यावर टाकायची तऱ्हा खरी. बोली आपल्या कानाला थोडी परकी, पाच-दहा मिनिटांत बसते.

पाहुणे येतात, मुलीला बसवतात, आणि तेच प्रश्न विचारतात. नाव, शिक्षण, उंची, छंद. हे पुन्हा पुन्हा दाखवलंय, आणि काही जणांना त्यात एकसुरीपणा वाटेल. मला वाटतं तो तसाच ठेवायला हवा होता, कारण मुलीच्या वाट्याला तेच तर येतं. बाप कापूस घरात भरून चांगल्या दराची वाट बघतोय, लग्नाचा खर्च त्यावर अडलाय. आपल्याकडं उसाला निदान कारखाना ठरलेला असतो, बिल उशिरा का होईना येतं. कापूसवाल्याची ती रोजची भावाची चौकशी फार आतनं आलीय. बाप वाईट माणूस नाही, हे या पिक्चरचं मोठेपण.

बाहेर आल्यावर गाडी काढताना आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, तुमच्या आत्यांनी मला सुईत दोरा ओवून दाखवायला लावला होता. नजर अधू आहे का बघायला. आठवतंय?” मला खरंच माहीत नव्हतं. त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत पोहे खात होतो. घरी येईपर्यंत ती एकेक सांगत राहिली, कोण काय म्हणालं, कुणी केसांची लांबी बघितली. संसाराला इतकी वर्षं झाली, यातलं एक अक्षर तिनं कधी काढलं नव्हतं. मुलगी आता लग्नाच्या वयाची होतेय. आमच्या दारात कुणी यायचं तर आधी ‘स्थळ’ बघून या, असं मी सांगणार आहे.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’बद्दल थोडक्यात. पायल कपाडिया यांचा, २०२४ ला कानला ग्रां प्री मिळवलेला. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. पार्वतीचं काम आपल्या छाया कदम यांनी केलंय, आणि मला तिघींत त्याच जास्त आवडल्या. नवरा गेला, खोलीचे कागद नाहीत, बिल्डर घालवायला बसलाय, आणि बाई गावी रत्नागिरीकडं परत जाते. पुतणी नर्स आहे, तिला हा पिक्चर दाखवला. ती म्हणाली ड्यूटीवरचं बोलणं, कंटाळून खुर्चीत टेकणं, सगळं बरोबर आहे. मला समुद्राकाठचा शेवटचा भाग थोडा धूसर वाटला, तिला तोच आवडला. तिचं मत इथं माझ्यापेक्षा जड धरा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो ‘सेल्युलॉइड मॅन’. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची २०१२ ची डॉक्युमेंटरी, पी. के. नायर यांच्यावर. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते या माणसानं उभं केलं. गावोगाव फिरून, डब्यांचा वास घेऊन, रिळं उचलून आणणारा माणूस. फाळक्यांचे मूकपट त्यांच्यामुळं आज बघायला मिळतात. आपल्या देशात सतराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले नऊ त्यांना राखता आले. कोणत्या पिक्चरच्या कितव्या रिळात काय आहे हे ते झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतील असं वाटतं. कर्नाटकात हेग्गोडू गावात त्यांनी जगातले थोर पिक्चर नेऊन दाखवले होते, तिथली साधी माणसं ते पिक्चर अजून आठवून बोलतात. हा भाग मी मागं घेऊन पुन्हा बघितला.

त्यात नायर ‘आलम आरा’ची गोष्ट सांगतात. १९३१ चा आपला पहिला बोलपट. आर्देशीर इराणी त्यांना म्हणाले, काही रिळं इथंच कुठंतरी असतील. आणि इराणींच्या मुलानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ती मीच चांदी काढून टाकून दिली. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असायची. हुपरीला चांदी गाळणारे, पैंजण घडवणारे माझ्या ओळखीचे आहेत, पसाभर कचऱ्यातनं गुंजभर चांदी कशी काढतात ते मी बघितलंय. ती कला आहे आणि पोटाचा धंदा आहे. पण एवढ्याशा चांदीसाठी देशाचा पहिला बोलपट भट्टीत गेला, हे ऐकून पोटात तुटलं.

आणि आपलं काय गेलं? बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमाराला विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. परदेशातनं आणलेला नव्हे, इथं घडवलेला. त्याचे दाते, गिअर, फिल्म एकेक घर पुढं सरकवणारी यंत्रणा, सगळं हातानं बसवलेलं. आज सीएनसीवरही तसला पार्ट करायचा तर ड्रॉइंग मागतील, टॉलरन्स विचारतील. त्या कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० ला ‘सैरंध्री’ काढला, १९२५ ला ‘सावकारी पाश’. जमीन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, त्या काळात, देवादिकांचे पिक्चर चालत असताना. तो शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. तो मूकपट आज आपल्याला बघता येत नाही. पुढं १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला जळाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही गच्चीवरनं धूर बघितला.

कलानगरी म्हणून आपण भाषणं करतो, पण पेंटरांचा कॅमेरा कुणी ओतला, कुणी कातला, त्या कारागिरांची नावं मला अजून कुणी सांगितलेली नाहीत. उद्यमनगरातले जुने पॅटर्नमेकर, लाकडात साचा कोरणारे, आता थकत चाललेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रस ओततानाचे कामगार, अंगावर उडणारे थेंब, भट्टीचा रंग बघून लोखंड तयार झालं हे ओळखणारी नजर, यावर कुणी दीड तासाची डॉक्युमेंटरी केली तर ती ‘ऑल दॅट ब्रीद्स’च्या शेजारी बसेल. संगीत लागणार नाही, ब्लोअरचा आवाज पुरेल. विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांकडं आता चांगले कॅमेरे आहेत. आमच्या गाळ्यात यायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त चप्पल नको, बूट घालून या.

फिल्म सोसायटीच्या मंडळींना एक विनंती. आपला चित्रपट महोत्सव पेंटरांच्या नावाच्या सोसायटीचाच आहे, परदेशी पिक्चर तिथं चांगले येतात. तसाच एकदा शाहू स्मारकला ‘सेल्युलॉइड मॅन’ लावा. दोन तास चव्वेचाळीस मिनिटांचा आहे, मध्ये चहाला सोडा आणि सुरू व्हायच्या आधी कुणीतरी दहा मिनिटं मराठीत समजावून सांगा, म्हणजे इंग्रजी न वाचणारी माणसंही बसतील. शक्य असेल तर सुट्टीचा वार धरा आणि आठ दिवस आधी कळवा, उद्यमनगरातनं माणसं आणायचं माझ्याकडं लागलं.